नारिंगी जाळीवरचे वाटाणे

यंदा वाटाणे असे काही लागले होते की राइमुंड आठवडाभर दुसरं बोलतच नव्हता. लेकीने फोन केला की वाटाणे, नातीला सोडायला ती दारात आली की वाटाणे. "अगं, एकदा येऊन बघ तरी. तुझ्या त्या आणलेल्या मातीत मी काय उगवून दाखवलंय ते!"

लेक, आन्येला, टाळत होती. तिला वाटाण्यांचं वावडं नव्हतं, त्या जमिनीचं होतं. आठवड्याचे सहा दिवस ती त्याच जमिनीवर उभी असायची, डोक्यावर हेल्मेट आणि काखेत नकाशे घेऊन. जुन्या शिशाच्या भट्टीने एकशे वीस वर्षं जी घाण त्या मातीत जिरवली होती, ती उकरायची, दूर नेऊन पुरायची, वर चांगली माती पसरायची आणि मग त्यावर घरं, बागा, ट्रामचा थांबा. ही सगळी देखरेख तिच्याकडे होती. रविवारी तरी त्या जमिनीचं तोंड बघायचं नाही, असा तिने नेमच केला होता.

पण बापाने धरलंच. रविवारचं जेवण झालं, बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी संपला, तसा तो म्हणाला, "कॉफी तिकडेच पिऊ. गिंटर, थर्मास घे रे." मग काय करता? पाच वर्षांची नात मिलेना गिंटरमामाचं बोट धरून केव्हाच जिन्यात पोचली होती.

आमच्याकडे बागेचा तुकडा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घर दोन खोल्यांचं असेल, पण गावाच्या कडेला कुंपणातला एक तुकडा हवाच. तिथे एक लाकडी खोपटं, चार झुडपं, मुळे, गाजरं, नवलकोल. भट्टीतला माणूस आठ तास आगीपुढे उभा राहायचा आणि तिथून थेट बागेत जायचा. भट्टी बंद पडली, चिमणी पाडली, जमीन साफ करायला घेतली, तेव्हा जुन्या कामगारांनी एकच अट घातली होती. घरं कोणाला द्यायची त्यांना द्या, बागा आधी आम्हाला. त्या मिळाल्या गेल्या सप्टेंबरात.

राइमुंडचा तुकडा शेवटच्या ओळीत होता. वाटेत तो दहा जणांशी थांबून बोलला. आन्येलाला हसूही येत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पाठ वाकलेली, पण बागेत शिरताना छाती पुढे. फाटक उघडून तो बाजूला झाला आणि हात पसरून म्हणाला, "बघ!"

खरंच बघण्यासारखे होते. माणसापेक्षा उंच वेल, अंगभर शेंगा, हिरवीगार भिंतच. "बाबा, कमाल केलीत," ती मनापासून म्हणाली आणि एक शेंग तोडायला पुढे झाली. पानं बाजूला सारली आणि तिचा हात तिथेच थांबला.

पानांच्या आड नारिंगी रंग होता.

वेल जाळीवर चढवले होते. प्लास्टिकची जाळी, चौकोन तीन बोटांचे, रंग भडक नारिंगी. अशी जाळी दुकानात मिळत नाही. तिची गुंडाळी केवढी असते, किती जड असते, उलगडताना तिचा वास कसा येतो, हे आन्येलाला डोळे मिटून सांगता आलं असतं, कारण ती जाळी तिनेच अंथरून घेतली होती. खालच्या विषारी मातीच्या वर आणि आणलेल्या चांगल्या मातीच्या खाली. तिचा उपयोग एवढाच: खणता खणता नारिंगी दिसलं की थांबायचं.

"बाबा, ही जाळी कुठली?"

"मस्त आहे ना? भक्कम. दहा वर्षं हलायची नाही."

"कुठून आणलीत, ते सांगा."

"आणायची कशाला? जमिनीतच होती. ऑक्टोबरात गिंटर खणत होता, त्याच्या फावड्याला लागली. तुझ्या त्या कंपनीवाल्यांनी आपला कचरा आमच्या बागेत पुरून ठेवला होता, दुसरं काय! वर पिवळी माती पसरून खाली ही जाळी दडवली. पण म्हटलं, वस्तू चांगली आहे. फेकायची कशाला? धुतली, वाळवली, कापली."

 आन्येला शांतपणे विचारत राहिली, कारण आवाज चढवला की बाप ऐकायचा नाही हे तिला ठाऊक होतं. "किती खोल खणलं होतंत?"

राइमुंडने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने विचारलं होतं, बाबा, तुम्हाला हात किती? "दोन फावडी. किती म्हणजे? तुझ्या आजोबांपासून दोनच फावडी. खालचं वर, वरचं खाली. माती उलटवल्याशिवाय बाग होते का? आणि खालची माती बघितलीस तरी का तू? काळी कुळकुळीत! तुम्ही वरून टाकलेली ती पिवळी भुकटी काय कामाची?"

खालचं वर, वरचं खाली. ती पायाकडे बघायला लागली. वाफ्यातली माती काळी होती, मऊ, ओलसर. आणि त्या काळ्या मातीत, गाजरांच्या दोन ओळींमध्ये, तिची मिलेना फतकल मारून बसली होती. पुढ्यात जुनं पातेलं. ती माती आणि पाणी कालवत होती, आणि चमच्याने मामाला वाढत होती. "आधी चव बघते हं," असं म्हणून तिने चमचा ओठांना लावला आणि मचमच आवाज काढला.

"मिल्का!"

आन्येला एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या बागेतली कॉफी पिणारी माणसं वळली. तिने पोरीला काखेत उचललं, नळाखाली नेलं आणि हात घासायला लागली. बोटं, नखं, तोंड, ओठांच्या आत. पोर घाबरून रडायला लागली. तरी ती घासतच होती.

"अगं, सोलून काढतेस काय तिला?" राइमुंड धावत आला. "मातीच आहे ना! पोरं मातीत खेळायची नाहीत तर कुठे खेळायची?"

"रोज खेळते ती इथे?"

"रोज म्हणजे काय, बालवाडी सुटली की इथेच. तूच तर सोडतेस आमच्याकडे. एप्रिलपासून तिचा स्वतःचा वाफा आहे. मुळे तिनेच काढले, तिनेच खाल्ले. पॅंटला पुसले आणि गट्टम!" नातीचं कौतुक करताना त्याचा चेहरा फुलला आणि लेकीकडे बघून विझला. "काय झालं तरी काय?"

मग तिने सांगितलं. नळ तसाच वाहत होता आणि ती सांगत होती. ही जाळी कचरा नाही. हिच्या खाली शिसं आहे, बाबा. तुमच्या भट्टीचं शिसं. ते तुम्ही वर काढलंत आणि त्यात गाजरं पेरलीत.

राइमुंड आधी हसला. मग त्याला राग आला. "शिसं! मला शिकवतेस शिसं? चाळीस वर्षं ओतलं मी ते. ह्या हातांनी. काय झालं मला? बघ, उभा आहे ना तुझ्यापुढे?"

"आणि दादाचं काय?"

तिला हे बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं. गिंटर तिथेच उभा होता, हातात थर्मास, बहीण रडवलेल्या पोरीला घेऊन का उभी आहे ते न कळून. पन्नाशीला टेकलेला, बैलासारखा दणकट माणूस. शाळेत तिसरीपलीकडे गेला नाही. वेळ सांगता येत नाही, ट्राम बदलता येत नाही. पण फावडं हातात दिलं तर दिवस दिवस खणेल आणि वर हसत राहील. लहानपणी सहा महिने त्याला डोंगरातल्या आरोग्यधामात नेऊन ठेवलं होतं. आमच्या गल्लीतली बरीच पोरं नेली होती त्या वर्षी. कशासाठी, ते कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आन्येलाचा जन्म त्यानंतरचा. तिला घरात नेहमी एकच उत्तर मिळालं होतं आणि आजही तेच मिळालं.

"त्याचं काय? तो जन्मापासून तसाच आहे. बाळंतपण अवघड गेलं तुझ्या आईचं. शिसं-बिसं सगळ्या नंतरच्या गप्पा! कोणी तपासलं होतं त्याला? कोणीही नाही. उगाच भट्टीवर खापर फोडायचं."

"बरं, बाबा," ती म्हणाली. वाद घालण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. मनात एकच हिशेब चालू होता: एप्रिल, मे, जून. अडीच महिने. मे महिन्यात मिल्काचं पोट दुखत होतं. दोनदा बालवाडीतून फोन आला होता. ती चिडचिड करते असं बाई म्हणाल्या होत्या, आणि आन्येलाने सगळं खापर पोरीच्या वडिलांवर फोडलं होतं. हुबर्ट जर्मनीत ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा दिसतो, पोरीला आठवण येत असेल.

"दादा," तिने हळूच विचारलं, "तू फक्त आपलीच बाग खणलीस ना रे?"

गिंटरचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं. "नाही! सगळ्यांची! एडिटाकाकूंची, त्या दोन आज्यांची, लंगड्या काकांची..." तो बोटांवर मोजायला लागला, दोन्ही हात संपले, मग त्याने एक बोट पुन्हा वापरलं. "अकरा! दोन-दोन फावडी! एडिटाकाकूंनी केक दिला."

आन्येला बाकावर चढली आणि तिने कुंपणांवरून नजर टाकली. इथे घेवड्याच्या वेलांखाली नारिंगी. तिथे स्ट्रॉबेरीवर, पाखरं खाऊ नयेत म्हणून, नारिंगी. पलीकडे कोंबड्यांच्या खुराड्याला नारिंगी, आणि त्या खुराड्यापाशी एक बाळ रांगत होतं. छान ऊन पडलं होतं, कोणाकडे तरी रेडिओ लागला होता, आणि सगळीकडे पोरं होती. ती खाली उतरली.

दोन वर्षांपूर्वीची एक दुपार तिला आठवली. आठवली म्हणणं बरोबर नाही. ती विसरलीच नव्हती. कामावरच्या पत्र्याच्या ऑफिसात मीटिंग होती. राजधानीतून आलेले इंजिनियर नकाशावर वाकले होते. जाळी किती खोल घालायची? एक जण म्हणाला, लोक एक फावडं खणतात, म्हणजे तीस सेंटिमीटर. पन्नासावर घातली की झालं. मग तो तिच्याकडे वळला होता. "तुम्ही तर इथल्याच. बरोबर ना?"

तिला ठाऊक होतं, आमचे लोक दोन फावडी खणतात. दोन फावडी म्हणजे साठ. बापाला तिने आयुष्यभर तसंच खणताना पाहिलं होतं. पण ती नवीन होती, नोकरी मोठी होती, आणि त्या सुटाबुटातल्या माणसांपुढे, आमची माणसं वेड्यासारखी कमरेपर्यंत खणतात हो, असं सांगायची तिला लाज वाटली. म्हणून ती म्हणाली, "बरोबर." त्या एका शब्दाने गेल्या दोन वर्षांत तिला कधी त्रास दिला नव्हता. आता देत होता.

सोमवारी सकाळी तिने मिलेनाला रक्त तपासायला नेलं. पोरगी शूर. सुई टोचली तेव्हा फक्त डोळे मोठे केले. "आई, माझं रक्त लालच आहे," ती समाधानाने म्हणाली. नर्सने सांगितलं, निकाल गुरुवारी. गुरुवार! अहो, तीन दिवस म्हणजे काय असतं, ते ज्याचं पोर आहे त्यालाच विचारा.

तिथून ती कामावर गेली. कपाटातून मातीतलं शिसं मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र काढलं आणि बापाच्या बागेत जाऊन वाफ्यावर टेकवलं. बागांसाठी ठरलेली मर्यादा होती किलोमागे दोनशे मिलिग्रॅम. यंत्र काही सेकंद विचार करत राहिलं आणि आकडा आला: चार हजार शंभर. तिला वाटलं आपण चुकलो. मिलेनाच्या छोट्या वाफ्यावर टेकवलं. चार हजार सहाशे. ती तिथेच उकिडवी बसली. वाफ्याच्या कडेला पोरीने शिंपले लावले होते आणि एका काडीवर स्वतःचं नाव लिहिलेला कागद खोवला होता.

लपवायचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं कोण म्हणेल? आला. गिंटरला घेऊन दोन रात्रींत जाळ्या गोळा करायच्या, वर नवी माती टाकायची, कोणाला पत्ता लागणार होता? पण मग तिला कोंबड्यांच्या खुराड्याजवळचं ते रांगणारं बाळ आठवलं. ती उठली, साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. जाळी, अकरा बागा आणि आपला तो "बरोबर" हा शब्दसुद्धा.  साहेब म्हणाले, "तो शेवटचा शब्द मात्र कोणी विचारेपर्यंत अहवालात लिहू नका." तिने तो लिहिला.

मंगळवारी बागांना कुलूप लागलं. फाटकाबाहेर ही गर्दी! एडिटाबाई, बागमंडळाच्या अध्यक्ष, सगळ्यांच्या पुढे. तोंडाची तोफ, पण त्या दिवशी आवाज कापत होता. "आन्येला, नाकाने कांदे सोलत बसली होतीस ना, 'स्वच्छ माती, स्वच्छ माती' म्हणत? माझी नातवंडं ती स्ट्रॉबेरी खातायत गं! काय करू मी आता? बोल ना!"

"रक्त तपासून घ्या, काकू. सगळ्यांचं. आजच."

"आणि त्या तुझ्या भावाला कोणी सांगितलं होतं एवढं खोल खणायला? डोकं नाही त्याला..." एडिटाबाईंनी जीभ चावली. पण बोलून गेल्या होत्या. गिंटर मागेच उभा होता, खांद्यावर फावडं. सवयीने खणायला आला होता. एक कामगार पुढे झाला आणि फावडं मागायला लागला, कारण त्याला माती लागलेली होती. गिंटर ते सोडेना. "माझं आहे," तो म्हणत राहिला. "मी चांगलं खणलं. काकू, मी चांगलं खणलं ना?" एडिटाबाई तोंडावर पदरासारखा रुमाल धरून वळल्या. शेवटी आन्येलाने त्याच्या बोटांतून फावडं सोडवलं, एकेक बोट करून.

राइमुंड त्या दिवशी आला नाही. बुधवारीही घराबाहेर पडला नाही. गल्लीतले लोक त्याच्या खिडकीखालून जाताना आवाज मुद्दाम मोठा करायचे. आन्येला सुट्टी टाकून घरात बसली होती. मिलेनाला डोळ्यांपुढून हलू देत नव्हती. पोरगी रंग विसरली की तिच्या काळजात धस्स व्हायचं, बुटाची नाडी सुटली तरी धस्स. रात्री झोप लागायची नाही, सकाळी घास उतरायचा नाही. हुबर्ट फोनवर म्हणाला, "अगं, काही होणार नाही," आणि मग बराच वेळ नुसता ट्रकचा आवाज येत राहिला.

गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा ती बापाच्या स्वयंपाकघरात होती. घरी एकटीने तो ऐकायची हिंमत नव्हती तिची. टेबलाच्या एका टोकाला गिंटर आणि मिलेना पत्ते खेळत होते. त्यांचा एकच खेळ, लढाई. दोघांनी एकेक पान टाकायचं, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. मामाला एवढंच जमायचं आणि भाचीला एवढंच पुरायचं. राइमुंड खिडकीशी पाठमोरा.

आन्येलाने ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, धन्यवाद म्हणाली आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

"बोल," राइमुंड म्हणाला. वळला नाही.

"चौदा."

"चौदा म्हणजे? जास्त का?"

"रक्तातलं शिसं पाचाच्या आत असायला हवं. आता मातीपासून लांब ठेवायचं, दूध द्यायचं, लोहाची औषधं, आणि दर महिन्याला तपासायचं. उतरेल म्हणाली डॉक्टर. पण आत काय झालं असेल-नसेल ते आत्ता सांगता येत नाही. शाळेत जायला लागली की कळेल, म्हणाली." शेवटचे शब्द बोलताना तिचा आवाज फुटला. "वाट बघायची म्हणे. वर्षानुवर्षं नुसती वाट बघायची!"

राइमुंडने खिडकीची चौकट धरली. "कोण तो गाढव, ज्याने ती जाळी पन्नासावर घातली? त्याला एवढंही माहीत नव्हतं, की..."

"मला माहीत होतं, बाबा."

तो वळला.

"मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हणाले, बरोबर आहे, पन्नास पुरे. तुम्ही दोन फावडी खणता हे मला माहीत होतं. लाज वाटली मला सांगायची. बस्स, एवढंच. लाज वाटली."

आता हा कडाडणार, असं वाटून ती अंग चोरून बसली.  पण राइमुंड खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याचे मोठे, भाजल्याचे डाग पडलेले हात टेबलावर ठेवले आणि त्या हातांशीच बोलल्यासारखा म्हणाला,

"गिंटरचा सेहेचाळीस होता."

आन्येलाला आधी कळलंच नाही.

"तो पाच वर्षांचा होता. दवाखान्यातली नर्स घरी आली होती, संध्याकाळी, गुपचूप. चिठ्ठी दिली माझ्या हातात. म्हणाली, कामाचे कपडे घरात आणू नकोस, बागेतलं खायला देऊ नकोस, जमलं तर इथून निघून जा. निघून कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी फोरमनने बोलावलं. म्हणाला, ऐकलंय की तुझ्याकडे कसली चिठ्ठी आहे. तुला भट्टी हवी की चिठ्ठी? मी ती तिथल्या तिथे भट्टीत टाकली. तुझ्या आईला सांगितलं, पोरगं ठीक आहे म्हणे. पुढे पोरं डोंगरात नेली, तेव्हा म्हणालो, हवापालट आहे.  आणि बागेतलं खायला घालत राहिलो. नाही घातलं असतं, तर तिने विचारलं असतं ना, का म्हणून."

"म्हणजे तुम्हाला सगळं..."

"चव्वेचाळीस वर्षं. एक दिवस विसरलो नाही तो आकडा. मग तो खरा नाहीच असं स्वतःला सांगत राहिलो. सांगता सांगता पटायला लागतं गं. रविवारी तू बागेत ओरडलीस ना, तेव्हासुद्धा मला पटलेलंच होतं."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याच्या गळ्यातही पडायचं होतं. दोन्ही जमलं नाही. ती नुसती रडायला लागली, आणि म्हातारा तिच्या हातावर हात ठेवायला गेला, मग स्वतःच्या बोटांकडे बघून त्याने तो मागे घेतला.

"माझा सेहेचाळीस?" गिंटरने पत्त्यांतून मान वर काढली. आपलं नाव त्याने ऐकलं होतं. "आणि मिल्काचा चौदा?"



"मग माझा मोठा!" तो खूश होऊन म्हणाला. "मी जिंकलो. बाबा, मी जिंकलो ना?"

राइमुंडने डोळे मिटले. "हो रे, राजा," तो म्हणाला. "तूच जिंकलास."

"चौदा काही कमी नसतात!" मिलेना फुरंगटून म्हणाली. हरणं तिला मुळीच आवडायचं नाही. "खूप असतात चौदा. थांब, दाखवते." तिने पत्त्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेक पान टेबलावर मांडत मोजायला लागली. आन्येलाने डोळे पुसले आणि ती ऐकायला लागली. श्वास रोखून ऐकायला लागली. राइमुंडही पुढे वाकला.

"...नऊ, दहा, अकरा, बारा, चौदा!" पोरीने शेवटचं पान दणकन आपटलं आणि विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. "बघा, केवढे झाले!"

टेबलावर तेरा पानं होती. राइमुंडने लेकीकडे पाहिलं, लेकीने त्याच्याकडे. हिवाळ्यात, बाग सुरू व्हायच्या आधी, ही पोर जिन्याच्या पायऱ्या मोजत चढायची. तेव्हा ती तेरा म्हणायची की तेव्हाही गाळायची? आन्येला आठवायला लागली. सगळा जीव एकवटून आठवायला लागली, आणि काही केल्या तिला ते आठवेना.